कापूसभरले स्वभाव

सरकारी चाकरीत ज्याचे आयुष्य गेले त्याने निवृत्तीनंतर सकाळी तुळशीला पाणी घालावे, दुपारी वर्तमानपत्रातील निधनवार्ता लक्षपूर्वक वाचाव्यात आणि सायंकाळी देवळाच्या पारावर बसून चालू अमदानीची यथेच्छ निंदा करावी, असा आमच्या आळीचा अलिखित कायदा आहे. तो मोडून मी जुन्या कापडाचे पशू शिवावयास बसलो, तेव्हा "अहो, निदान दार तरी लोटून घ्या," एवढीच हरकत आमच्या कुटुंबाने नोंदविली. ती मी रीतसर दप्तरी दाखल केली आणि सुईत दोरा ओवला.

या विद्येची परंपरा काही हलकी नाही. जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ नावाच्या, बालपणीच पोलिओने पंगू झालेल्या बाई शिवणकाम करीत. त्यांनी 1880 साली टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचा एक चिमुकला हत्ती केला, मुलांनी तो खेळणे म्हणून पळविला, आणि त्यातून पुढे एक कारखाना उभा राहिला. 1902 साली त्यांचा भाचा रिचर्ड याने हातपाय हलणारे अस्वल बेतले. त्याच वर्षी मिसिसिपीच्या रानात झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नकार दिला, त्याचे व्यंगचित्र वर्तमानपत्रात आले, आणि ब्रुकलिनच्या एका मिठाईवाल्या दांपत्याने अस्वल शिवून त्याला अध्यक्षांचे लाडके नाव दिले. (त्या खऱ्या अस्वलाला अध्यक्षांच्याच हुकुमाने नंतर सुरीने संपविण्यात आले, ही हकीकत खेळण्यांच्या दुकानात सहसा सांगत नाहीत.)

परंतु या विद्येचे खरे रहस्य निराळेच आहे. प्राणी आपण शिवतो. त्याचा स्वभाव मात्र आपल्या हुकमतीत नसतो. मोठे कपाळ, खाली बसलेले डोळे आणि फुगीर गाल पाहिले की माणसाच्या चित्तात वात्सल्य उत्पन्न होते, असा सिद्धांत कॉनराड लॉरेन्झ या पंडिताने 1943 साली मांडला. आरंभीच्या अस्वलांचे मुस्कट लांब होते आणि पाठीला वशिंड होते. पुढे काही दशकांत नाक आखूड झाले, कपाळ वाढले, आणि गिऱ्हाइकांची मने वितळली. तेच डोळे बोटभर वर सरकवा, आणि बाळसेदार पिल्लाच्या जागी एक सेवानिवृत्त मामलेदार प्रकट होतो. आमच्या घरचे अस्वल या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याला सर्वजण रावसाहेब म्हणतात, आणि मला बिनदिक्कत 'तू' म्हणणारा माझा नातू त्याला मात्र 'तुम्ही' म्हणतो.

मांजरपाटाच्या मांजरीचे डोळे नाकाला खेटून बसले, त्यामुळे तिला उपजतच फौजदारी प्राप्त झाली. दूध कमी भरले तर घरातल्या मंडळींनी मांजरीवर संशय घ्यावा, ही जगाची रीत. येथे मांजरच एकेकाकडे असे रोखून पाहते की, निरपराध मनुष्यही आपण सकाळपासून कोठे होतो याची जबानी मनात जुळवू लागतो. घोड्याचे प्रकरण मानेत आहे. मानेत कापूस चिमूट-चिमूट घेऊन, पेन्सिलीच्या बोथट टोकाने अगदी घट्ट ठासावा लागतो, नाही तर चार दिवसांत डोके लोंबू लागते. ते माझ्याकडून राहून गेले, त्यामुळे आमचा घोडा कोणाच्याही म्हणण्यास मान तुकवितो. कचेरीत असता तर परस्परांचे हाडवैरी असलेल्या तीन साहेबांच्या कारकिर्दीत त्याने तीन बढत्या मिळविल्या असत्या.

सर्वांत अवघड स्वभाव गाढवाचा. घडीवर विरलेल्या शालूचा एक तुकडा हाती लागला, त्यातून ते निर्माण झाले, आणि जरीचा काठ नेमका त्याच्या कपाळावर आला. पंचाच्या खादीतून शिवलेल्या शेळीशेजारी त्याला ठेवले की सकाळी ते तोंड भिंतीकडे करून पडलेले आढळते. रेशीम निसरडे असते आणि त्याचे मागचे पाय किंचित आखूड आहेत, हा शास्त्रीय खुलासा मी अनेकदा सादर केला. परंतु घरात तो कोणी ग्राह्य धरीत नाही. "अहो, त्याला तिच्याजवळ नका ठेवू, माझ्या लग्नातला शालू आहे तो," असा वशिला खुद्द आमच्या कुटुंबाने लावल्यामुळे गाढवाची बदली वरच्या फळीवर, रावसाहेबांच्या उजव्या बाजूस झाली. शेळीने अद्याप अर्ज केलेला नाही. तिच्यात शेवरीचा कापूस आहे. तो हलका असतो, आणि मनाला फारसे लावून घेत नाही.

प्राण्यांनी विनोदी दिसावे म्हणून जे लोक मुद्दाम त्यांची जीभ बाहेर काढतात किंवा त्यांना चष्मे चढवितात, त्यांच्याविषयी मला आदर वाटत नाही. गांभीर्याने शिवलेला प्राणीच हसवितो.

वाचकांस विनंती अशी की, जुन्या कोटांची बटणे केराच्या टोपलीत न टाकता माझ्याकडे रवाना करावीत. ती जोडीचीच असावीत असा आग्रह नाही. एक काळे व एक तपकिरी मिळाल्यास अधिक उत्तम, कारण एक कोल्हा बेतून तयार आहे, त्याला वकिलीस बसवावयाचे आहे, आणि त्याच्या दोन डोळ्यांचे परस्परांशी एकमत नसलेलेच बरे. जरीचे कापड मात्र कोणीही पाठवू नये.