मधल्या वहिनी

हैदराबादेत कुकटपल्लीकडे शनिवारी संध्याकाळी मोठ्या बायकांचे कुचिपुडीचे क्लास भरतात. अशा प्रत्येक क्लासात एक मधल्या वहिनी असतात. सासरी त्या थोरल्या असोत की धाकट्या, इथे मधल्याच. पहिली रांग, आरशासमोर, बरोब्बर मध्ये. क्लास सहाचा असला तर पावणेसहालाच त्यांची पाण्याची बाटली तिथे विराजमान झालेली असते. बसच्या सीटवर दस्ती टाकावी तशी.

उभं राहायचा नियम साधा आहे. दोन्ही हात बाजूला पसरायचे, शेजारणीला बोट लागता कामा नये. मागच्यांनी पुढच्या दोघींच्या मधल्या फटीत उभं राहायचं. वहिनी नियमाला पक्क्या. हात त्या पसरतात, सरकायचं शेजारणींनी.

रीतभात मात्र त्यांच्याकडूनच शिकावी. नाचाआधी भूमीला नमस्कार करून, तुझ्यावर पाय आपटणार आहे, क्षमा कर, असं म्हणायचं असतं. वहिनी डोळे मिटून, गहिवरून क्षमा मागतात. भूमीची. माझ्या अंगठ्याची अजून मागायची आहे.

"कोंचम वेनक्की, अम्मा," जरा मागे व्हा म्हणून मास्टरगारू ठोकळ्यावर काठीचा ताल धरता धरता विनवतात. रैतू बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी अस्खलित तेलुगूत घासाघीस करणाऱ्या वहिनींना नेमकं एवढंच तेलुगू कळत नाही.

बरं, त्या अडवू, म्हणजे नाचाची पावलं, चुकतात तेही ठामपणे. त्यांचं बघून मागच्या आम्ही सगळ्या चुकतो. वार्षिक कार्यक्रमात प्रेक्षकांनी आमच्या एकजुटीचं फार कौतुक केलं.

जागेचं भान यावं म्हणून मास्टरगारूंनी एकदा सांगितलं, "2010 च्या डिसेंबरात गच्चीबावलीच्या स्टेडियमवर सुमारे 2,800 जणांनी एकत्र हिंदोळ तिल्लाना केला. गिनेस बुकात नोंद झाली! रांगा कशा सांभाळल्या असतील, विचार करा."

वहिनींनी विचार केला आणि अदबीनं विचारलं, "त्यात मध्ये कोण होतं?"

अखेर मास्टरगारूंनी तरंगम काढलं. यात पितळी थाळीच्या काठावर पावलं रोवून नाचतात. एकेकीला एकेक थाळी दिली की भांडण मिटेल, असा त्यांचा हिशेब असावा. पण तरंगमची खरी करामत थाळीवर उभं राहण्यात नसते; थाळीसकट पुढे सरकण्यात असते. आम्ही अजून भिंतीला धरून तोल सावरत होतो, तेवढ्यात वहिनी थाळीसकट आरशाला जाऊन टेकल्यासुद्धा.