तुकोबांची निष्पत्ती : एक खुले पत्र

माननीय समन्वयक,
अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष,
आपलेच महाविद्यालय.



संत साहित्याच्या पेपरचे कोर्स आउटकम्स इंग्रजीत आणि ब्लूमच्या तक्त्यातली क्रियापदं वापरून द्यावेत, हा तुमचा मेल मिळाला. 'अंडरस्टँड' चालणार नाही, कारण ते मोजता येत नाही, हे तुम्ही लाल अक्षरांत लिहिलंत ते बरं केलंत. त्यानुसार सत्र संपेपर्यंत आमचे विद्यार्थी तुकोबांना 'अ‍ॅनलाइज' करतील, 'इव्हॅल्युएट' करतील, वेळ उरलाच तर 'डेमॉन्स्ट्रेट'ही करतील. समजून घेणं बंद.

मॅपिंगही पाठवलं आहे. अभंगांचा 'ग्लोबल एम्प्लॉयबिलिटी'शी संबंध किती, याला मी तीनपैकी एक दिला होता. तुम्ही त्याचे दोन केलेत. दुकान बुडालेल्या देहूच्या वाण्याला अखेर जागतिक बाजारपेठ मिळाली. आभारी आहे.

आपली ती कार्यशाळाही छान झाली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षण मातृभाषेतून किंवा द्विभाषिक पद्धतीने देण्यावर भर आहे, त्यावर दिवसभर बोलणं झालं. पीपीटी इंग्रजी, पाहुण्यांचं भाषण इंग्रजी, प्रश्नोत्तरंही इंग्रजी. म्हणजे प्रश्न आलेच नाहीत. स्टाफरूममध्ये क्रेडिटच्या हिशेबाचे वाभाडे काढणारे आमचे इतिहासाचे सर तिथे नुसती मान डोलावत होते. (वर्गात शिकवतात मराठीतून, आणि काय शिकवतात!) हे गप्प बसणंच तर हवं असतं, असा मला दाट संशय आहे. सुधारणा मराठीत सांगितली तर लोक भांडतात, खुसपटं काढतात, 'म्हणजे नक्की काय?' असं विचारतात. इंग्रजीत सांगितली की टाळ्या पडतात आणि इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' लिहिता येतं.

इंग्रजीशी माझं वाकडं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन आले आणि त्यांनी मराठीत २३ खंडांचा ज्ञानकोश उभा केला. त्या इंग्रजीला माझा दंडवत. तुमच्या फायलींतलं इंग्रजी लिहिणारा वाचत नाही आणि तपासणारा पानं मोजतो. केतकर आज आपल्याकडे मुलाखतीला आले असते, तर ते खंड टेबलाखाली सरकवून आपण त्यांचा एच-इंडेक्स विचारला असता. पदोन्नती तर दूरच.

एक बारीकशी बाब राहिली. विद्यार्थ्यांचा फीडबॅक फॉर्मही इंग्रजीतच होता. प्रथम वर्षाच्या एका मुलीने 'एनी अदर सजेशन'च्या रकान्यात मराठीत लिहिलं होतं, 'मुलींच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीत शेवाळ झालंय. टाकी धुवा.' तुमच्या अहवालात त्या रकान्यापुढे 'निल' आहे. टाकी मी स्वतः झाकण उघडून पाहिली. शेवाळ आहे, वर एक पालही तरंगते आहे.

तेवढी टाकी मूल्यांकन समिती यायच्या आत धुवून घ्यावी. जिओटॅग केलेला फोटो मी काढून देतो. खालची ओळ तुम्ही इंग्रजीत लिहा, 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून सहज खपून जाईल.

आपला नम्र,
मराठी विभाग