खाकरकाका

आमच्या चाळीत घड्याळाला गजर लावत नाहीत. पहाटे साडेपाचला दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीतून आधी सलामीचा ‘अं-हं’ येतो, मग लांबलचक ‘ख्र्राऽऽक’, शेवटी समेवर ‘हुं’. की लगेच घरोघरी बायका नवऱ्यांना हलवतात, “उठा, काका झाले!”

काकांचं म्हणणं एकच. “घशात काहीतरी अडकलंय हो! ना वर येत, ना खाली जात.” सांगताना दोन बोटांनी कंठमणी असा धरतात, जणू चोर सापडलाय. सत्यनारायणाच्या कथेत भटजी दोन पानं एकदम उलटणार, तोच काका खाकरले. भटजी ओशाळून मागच्या पानावर आले. शोकसभेत दोन मिनिटांची स्तब्धता काकांमुळे वीस सेकंदांच्या हप्त्यांत पाळावी लागते.

उपाय सगळे झाले. गालात ज्येष्ठमध, खिशात खडीसाखर, उशाशी अडुळशाची बाटली. दुधाने कफ वाढतो असं कुणी सांगितलं म्हणून दूध सोडलं. दिवसाचे सात चहा चालू. चहातलं दूध ते दुधात धरत नाहीत.

शेवटी काकूंनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली. पडद्यावर कफाचा गोळा दिसणार म्हणून काका उत्सुक. दिसला लालबुंद, सुजलेला घसा.

“गोळा कुठाय?” काका जवळजवळ भांडलेच.

“गोळा नाहीच. नाक नि सायनस मिळून रोज लिटरभर स्राव तयार करतात, आपण सगळेच तो नकळत गिळतो. जेवता किती वाजता?”

“दहाला.”

“आणि झोपता?”

“सव्वादहाला,” काकू म्हणाल्या.

“मग पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं. छातीत जळजळ होतेच असं नाही. घसा चिडतो, चिकट होतो, तुम्ही खाकरता, तो आणखी चिडतो. काका, तुम्ही घसा साफ करत नाही, घासताय!”

आता जेवण सात वाजता, चहा दोन, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं, म्हणून काकूंनी तांब्याच हातात दिला. दुधाला मुभा मिळाली. त्याने लाळ दाट वाटते, कफ वाढत नाही. दोनेक महिन्यांत पहाटेचा ‘ख्र्राऽऽक’ विरला आणि पहिल्या मजल्यावरच्यांची ६.१०ची लोकल चुकली.

काका आता इतरांचे घसे तपासतात. कुणी नुसतं ‘अं-हं’ केलं तरी विचारतात, “जेवता किती वाजता?” स्राव नाकातूनच मागे घशात ओघळत असेल तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. पण आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, घास अडकत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर मात्र हातातला तांब्या खाली ठेवून म्हणतात, “आधी डॉक्टर. तिथे तांब्या चालत नाही.”