व्यवस्थापकाने आधी काय करावे?

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपी परीक्षेत जेमतेम चार तासांत १८० प्रश्न. अवघड ते बहुतेक एकाच साच्याचे: काम रखडले, खर्च वाढला, लोक चिडले; व्यवस्थापकाने आधी काय करावे? चारही पर्याय बरोबर वाटतात. धावत साहेबाकडे जाण्याचा पर्याय सहसा चुकीचा. आधी परिणाम तपासा, संबंधितांशी बोला, मग बदलाला रीतसर मंजुरी घ्या.

जळगाव-धुळ्याच्या पोरांनी यासाठी पुण्याचा क्लास कशाला लावावा? अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसरे धरण आहे. नव्वदच्या दशकात अंदाज होता सुमारे १४२ कोटींचा; २०२३ च्या सुधारित मान्यतेत तो ४,८९० कोटींवर गेला. बदलाला रीतसर मंजुरी म्हणतात ती हीच, भो! संबंधितांशी बोलणे तर दर निवडणुकीत होतेच. धुळेकरांकडे मनमाड-इंदूर रेल्वे आहे: मंत्रिमंडळाची मंजुरी २०२४ ची, मागणी मात्र आजोबांच्या काळची. प्रकल्प सुरू कधी झाला असे त्यांना विचारून बघा, पर्याय चारावर थांबणार नाहीत.

फक्त प्रकल्प पूर्ण करून सोपवण्याच्या धड्यासाठी तेवढा पुण्याचा क्लास लावावा.