निरोपाध्यक्षा

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा ‘रिसेप्शन’ नावाच्या वर्गापासून, म्हणजे मुलाला चार वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरापासून, सुरू होते आणि ‘इयर सिक्स’ म्हणजे सहावीच्या वर्गाने, मूल अकरा वर्षांचे होता होता, जुलैच्या उत्तरार्धात संपते. पुढे सुमारे सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी असते आणि सप्टेंबरात मूल माध्यमिक शाळेत जाते. या दोन शाळांच्या मध्ये पूर्वी केवळ सुट्टी असे. आता तेथे एक समारंभ येऊन बसला असून त्याला ‘लीव्हर्स पार्टी’, म्हणजे शाळा सोडून जाणाऱ्यांची मेजवानी, असे म्हणतात. आणि जेथे हा समारंभ आहे तेथे तो पार पाडण्यासाठीच आपला जन्म झाला आहे अशी खात्री बाळगणारी एक व्यक्तीही असते. प्रस्तुत विवेचनात तिला ‘निरोपाध्यक्षा’ म्हटले आहे. तिची निवड कोणी केलेली नसते, तिच्या पदाची मुदत कोठे लिहिलेली नसते आणि तिला विरोधी पक्ष नसतो. तरीही वर्गातील तीसेक कुटुंबांच्या खिशावर तिची जेवढी सत्ता चालते तेवढी अर्थमंत्र्याचीही चालत नसावी, कारण अर्थमंत्र्याला निदान संसदेत उत्तर द्यावे लागते.

निरोपाध्यक्षा एका दिवसात घडत नाही. रिसेप्शनच्या पहिल्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी उभी राहून सर्वांचे फोन क्रमांक उतरवून घेणारी आणि संध्याकाळच्या आत वर्गाचा व्हॉट्सॲप गट स्थापन करणारी जी आई असते, तिच्यात भावी अध्यक्षेची सर्व लक्षणे तेव्हाच दिसू लागतात. मधल्या वर्षांत ती ‘क्लास रेप’, म्हणजे पालक-शिक्षक संघ आणि वर्गातील पालक यांच्यामधील दुवा, होते. घरी केलेले केक विकून, रॅफलची म्हणजे सोडतीची तिकिटे खपवून आणि गणवेशाऐवजी घरचे कपडे घालून येण्याच्या दिवशी मुलामागे एकेक पौंड गोळा करून ती निधिसंकलनाचे शास्त्र आत्मसात करते. पुरुष या पदावर क्वचित आढळतात. तिचा नवरा मात्र गाडीच्या डिकीतून हेलियमचा सिलिंडर उतरवताना एकदा दिसतो, आणि सिलिंडर परत करण्याची वेळ येईपर्यंत पुन्हा दिसत नाही.

तिचा खरा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. ‘सॅट्स’ नावाच्या इंग्रजी व गणिताच्या राष्ट्रीय चाचण्या सहावीची मुले त्या महिन्यात देतात, आणि त्या आटोपल्या की अभ्यासाची ओढाताण संपते. शिक्षक नाटकाच्या तालमी घेऊ लागतात, मुले निवासी सहलीला जाऊन चिखलाने माखून येतात आणि आपले मूल आता लहान राहिले नाही या जाणिवेने पालकांचा जीव उगाचच कातर होतो. या कातरपणाचा बाजारभाव निरोपाध्यक्षेला अचूक ठाऊक असतो. तिचा पहिला संदेश नेहमी ‘मुलांसाठी काहीतरी छोटेसे, अगदी साधे करू या’ असा असतो, आणि त्या क्षणी तिला खरोखरच तसे वाटत असते, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. शाळेचे सभागृह, एक डिस्को, थोडा पिझ्झा, इतकाच तिचा बेत असतो. परंतु गटात सूचना करणे फुकट असते आणि सूचनेला नकार देणे महाग पडते, या नियमानुसार बेत फुगू लागतो. एक आई फुग्यांच्या कमानीची आठवण करून देते, दुसरी फोटो बूथची, म्हणजे पडद्यामागे उभे राहून खोट्या मिशा लावून छायाचित्रे काढण्याच्या यंत्राची. तिसरीला आइस्क्रीमची गाडी आवारात बोलवावीशी वाटते आणि चौथी पलीकडच्या शाळेने गेल्या वर्षी काय केले ते सांगते. चौथीचे बोलणे निर्णायक ठरते. त्यानंतर कोणीही ‘हे जास्त होत नाही का?’ असे विचारत नाही, कारण तो प्रश्न विचारणाऱ्याला मुलांच्या आनंदाची किंमत वाटत नाही असा त्याचा अर्थ लावला जाईल, अशी प्रत्येकाला धास्ती असते. आणि ही धास्ती तिसांनाही एकाच वेळी असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतो.

या समारंभाच्या साहित्यात दोन वस्तूंना मानाचे स्थान आहे. पहिली म्हणजे ‘लीव्हर्स हुडी’, टोपी जोडलेला जाड सुती सदरा, ज्याच्या पाठीवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे मोठ्या आकारात असतात आणि त्या आकड्यांच्या पोटात वर्गातील सर्व मुलांची नावे बारीक अक्षरांत भरलेली असतात. हा सदरा आतून लोकरीसारखा मऊ असतो, जुलैच्या उन्हात मुले तो घामाघूम होऊन अंगावर वागवतात आणि थंडी पडेपर्यंत त्याच्या बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या असतात. त्याची किंमत सामान्यतः १५ ते २५ पौंडांच्या आसपास असते. ही रक्कम किरकोळ वाटत असेल तर एवढे ध्यानात घ्यावे, की २०२५-२६ या वर्षात ब्रिटिश सरकारचा बालभत्ता पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढील प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड होता; म्हणजे धाकट्या भावंडाची हुडी त्याचा आठवडाभराचा भत्ता पुरता गिळून वर आणखी काही मागू शकते.

दुसरी वस्तू म्हणजे लिमोझिन. ही सर्व वर्गांत आढळत नाही, पण जेथे आढळते तेथे तिच्यापुढे इतर सर्व खर्च किरकोळ ठरतात. माध्यमिक शाळेच्या अखेरीस होणारा ‘प्रॉम’, म्हणजे औपचारिक पोशाखातील नृत्यसमारंभ, अमेरिकेतील हायस्कुलांकडून ब्रिटनने उचलला, आणि सोळा वर्षांच्या मुलांची चैन पाहून अकरा वर्षांच्या मुलांनीही ती उचलली. त्याबरोबर लांबलचक मोटारही खाली उतरली. घरापासून शाळेपर्यंतचे जे अंतर मूल सात वर्षे दप्तर पाठीला लावून पायी काटत आले, तेच अंतर ती मोटार गावाला वळसा घालून कापते, कारण सरळ गेल्यास प्रवास तीन मिनिटांत संपेल आणि पैसे वसूल होणार नाहीत. गमतीचा भाग असा, की ब्रिटिश कायद्यानुसार आठांहून अधिक प्रवासी नेणारी भाड्याची लिमोझिन ‘सार्वजनिक सेवा वाहन’ या सदरात जाते आणि तिच्या चालकमालकाला बसवाल्यासारखाच परवाना घ्यावा लागतो. थोडक्यात, बसने जाण्याचा कमीपणा टाळण्यासाठी पालकांनी जी गाडी ठरवली, ती कायद्याच्या डोळ्यांना बसच दिसते.

निरोपाध्यक्षेचे वाङ्मय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिच्या वसुलीच्या संदेशाची रचना ठरलेली असते: आरंभी हसरा चेहरा, मग ‘किती लवकर मोठी झाली आपली पिल्ले’ असा उसासा, त्यानंतर रक्कम, बँक खात्याचा क्रमांक आणि अंतिम तारीख, आणि शेवटी ‘अर्थात कसलीही सक्ती नाही हं’ हे वाक्य. या वाक्याच्या लगेच खाली वर्गातील सर्व मुलांच्या नावांची यादी असते आणि ज्यांचे पैसे आले त्यांच्या नावापुढे हिरवी खूण असते. यादी दररोज रात्री नव्याने टाकली जाते. पहिल्या रात्री आठ खुणा, तिसऱ्या रात्री एकोणीस, आठवड्याअखेर सव्वीस, असे होत होत एक वेळ अशी येते, की खूण नसलेली चारच नावे उरतात. आणि ती चार नावे कोणाची आहेत हे कोणी उच्चारत नसले तरी फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती पाठ असतात. सक्ती नसतानाही सक्तीचे सर्व परिणाम साधणारी ही हिरवी खूण म्हणजे निरोपाध्यक्षेचा शासनशास्त्रातील मूलभूत शोध होय.

कायदा याबाबतीत काय म्हणतो, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे इंग्लंडमधील सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना शाळेच्या वेळेतील शिक्षणासाठी, मोजके अपवाद सोडता, शुल्क आकारता येत नाही. त्या ‘ऐच्छिक वर्गणी’ मागू शकतात, पण देण्याचे बंधन नाही हे स्पष्ट सांगणे आणि न देणाऱ्याच्या मुलाला वेगळी वागणूक न देणे ही त्यांची जबाबदारी असते. परंतु लीव्हर्स पार्टी शाळा सुटल्यावर होते, ती पुष्कळदा शाळा नव्हे तर पालक भरवतात आणि तिच्यात शिक्षण म्हणण्याजोगे काही नसते. त्यामुळे मुख्याध्यापकाला जे करण्यास कायद्याने मनाई आहे ते निरोपाध्यक्षा घरच्या सोफ्यावर बसून करू शकते.

ब्रिटनमध्ये राहणारे मराठी पालक या व्यवस्थेत लवकर रुळतात, कारण वर्गणी हा प्रकार त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. स्लाव, हन्स्लो किंवा हॅरो अशा ठिकाणच्या शाळांत मराठी आई सहसा पहिल्या आठ खुणांत असते. आपल्यामुळे कोणाचे अडले असे व्हायला नको, हा संस्कार तिला दुसऱ्या रात्रीची यादी पाहू देत नाही. अडचण मराठी बाबांची होते. गणपती मंडळात वर्गणी देणाऱ्याला पावती मिळते आणि उत्सव संपल्यावर जमाखर्च फलकावर लागतो, अशा वातावरणात वाढलेला हा गृहस्थ अगदी निरागसपणे गटात ‘हिशोब कधी मिळेल?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला दोन तास कोणीही उत्तर देत नाही. मग निरोपाध्यक्षेचा एकच हसरा चेहरा येतो, त्यापुढे ‘सगळे मुलांसाठीच आहे’ असे वाक्य असते, आणि घरी बायको त्याला फोन बाजूला ठेवून आधी जेवून घ्यायला सांगते.

वर्गणी हा खर्चाचा केवळ दर्शनी भाग आहे. समारंभासाठी मुलीला नवा पोशाख, बूट, केशरचना आणि क्वचित नखांची रंगरंगोटी लागते. मुलाला सूट लागतो, आणि तो एकदाच घालायचा असतो. बाईंच्या भेटवस्तूची वर्गणी वेगळी, स्मरणिकेची वेगळी, सहलीचे पैसे तर त्याआधीच गेलेले असतात. यानंतर लगेच माध्यमिक शाळेचा गणवेश उभा राहतो: शाळेचे चिन्ह असलेला ब्लेझर म्हणजे जाड कोट, टाय, खेळाचे कपडे. गणवेशाचा खर्च पालकांच्या आवाक्यात राहावा म्हणून २०२१ साली इंग्लंडसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या खर्चाची कल्पना यावी. शिवाय शाळेत मोफत जेवणारी मुले सुट्टीत घरी जेवतात. सुट्टीतील या भुकेकडे फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने २०२० मध्ये सरकारचे लक्ष इतक्या जोराने वेधले, की त्या उन्हाळ्यापुरता तरी सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. तात्पर्य असे, की ज्या सहा-आठ आठवड्यांत गरीब कुटुंबाचे पाकीट सर्वांत हलके असते, नेमका त्याच्या तोंडाशी हा समारंभ येतो. अशा घरांतले मूल पार्टीच्या दिवशी आजारी पडते, किंवा त्याच दिवशी त्याच्या मावशीला बरे नसते. निरोपाध्यक्षा मनाची वाईट नसल्यामुळे एखाद्या मुलाचे पैसे ती स्वतःच्या खिशातून भरते आणि ही गोष्ट कोणालाही सांगत नाही. फक्त दोघी जवळच्या मैत्रिणींना, ‘कोणाला बोलू नका’ असे बजावून, सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाशी सर्वांना ठाऊक झालेली असते.

प्रत्यक्ष पार्टीत मुलांचे वर्तन अंदाजपत्रकाशी पूर्णतः विसंगत असते. पहिल्या दहा मिनिटांत उंच टाचांचे बूट भिंतीशी ढीग होऊन पडतात, सुटाचे कोट त्यांच्यावर येऊन पडतात, आणि मुले लांबून धावत येऊन गुडघ्यांवर सभागृहाच्या लाकडी जमिनीवरून घसरत जाण्याच्या, पूर्णतः निःशुल्क, खेळात गढून जातात. फुग्यांची कमान फोडण्यासाठीच आहे अशी त्यांची समजूत होते. फोटो बूथपाशी रांग असते ती मातांची. मुले सर्वांत जास्त वेळ रमतात ती एकमेकांच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर मार्करने सह्या करण्यात. हा शर्ट पुन्हा वापरायचा नसल्यामुळे फुकट असतो, मार्कर दोन-तीन पौंडांना संपूर्ण पाकीट मिळते, आणि वर्षानुवर्षे कपाटात जपून राहतो तो हाच शर्ट.

निरोपाध्यक्षेला दोष देऊन हा विषय संपवणे सोपे असले तरी अन्यायाचे होईल. ती स्वतःसाठी काही मागत नाही, सर्वांच्या आधी येते, सर्वांच्या नंतर जाते आणि रात्री सभागृह झाडते. तिच्या हातून जो खर्च होतो तो मुळात इतरांच्या न बोलण्यातून जन्मलेला असतो. म्हणून उपायही सर्वांनी मिळून करण्यासारखेच आहेत: बेत ठरण्यापूर्वी प्रत्येकाने किती द्यायचे याची कमाल मर्यादा ठरवावी आणि बेत तिच्यात बसवावा, पैसे नावाविना, बंद पाकिटात शाळेच्या कार्यालयात घ्यावेत, हिरव्या खुणांची यादी कायमची बंद करावी, आणि शेवटी जमाखर्च, गणपती मंडळात लागतो तसा, सर्वांना दिसेल असा मांडावा. जी वर्गणी नाकारताना माणसाला मावशी आजारी पाडावी लागते ती ऐच्छिक नव्हे, आणि हे गटात सर्वांआधी लिहिण्याचे काम, ज्यांना ती रक्कम सहज परवडते त्यांनी केले पाहिजे.