दोन थाऊ राहू दे

लालबागमध्ये कुणी ‘नाना आहेत का?’ म्हणून चौकशी केली, तर वरून किमान तीन खिडक्यांतून ‘कुठले? लेथवाले?’ असा उलटा सवाल येतो. हे लेथवाले नाना कुठल्या एका चाळीची मालमत्ता नव्हेत. परळ, काळाचौकी, शिवडी, जिथे जिथे गिरणीचा भोंगा ऐकू येत होता, तिथे तिथे अजून एखादे सापडतातच. वय पासष्ट ते ऐंशी, हाफ शर्ट, वरच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. लग्नाच्या पंगतीतही ती पट्टी खिशातच असते, आणि जिलबीची जाडी मोजायचा मोह नानांनी आवरला आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. साचेवाल्याची पंचाईत झाली, कारण कापड विणायचा साचा काही घरी आणता येत नाही. नाना मेकॅनिक खात्यातले टर्नर. त्यांचा हात कुठेही चालला. कुर्ला झालं, ठाणं झालं, कुणाकुणाची छोटी वर्कशॉपं झाली. निवृत्तीनंतर बाकीच्यांनी भजनीमंडळ धरलं. नानांनी चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात एक लेथ बसवला. चार फुटी बेड, कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला. त्यावरची पाटी कधीच पुसली गेली असल्यामुळे त्याचं कुळ नानांच्या मूडवर ठरतं. रोजच्या दिवशी तो बटाल्याचा, पाहुणे आले की विलायती.

खुद्द विलायतेत हा छंद प्रतिष्ठित आहे. तिथे ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं नियतकालिक 1898 मध्ये सुरू झालं, आणि पेन्शनर मंडळी बागेतल्या शेडमध्ये बसून चालती वाफेची इंजिनं बनवतात. लालबागमध्ये बाग फक्त नावात. त्यामुळे नानांचा छंद भर रस्त्यावर चालतो आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण त्यात सल्ला देतो.

अशा नानांकडे हल्ली शिष्य येतात. बहुतेक मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची पोरं. कॉम्प्युटरवर अख्खा गिअरबॉक्स उभा करतात, पण कानस कुठल्या बाजूने धरायची ते ठाऊक नसतं. पोरगं पहिल्या दिवशी उत्साहाने लेथच्या हँडलकडे हात नेतं. नाना तो हात वाटेतच पकडतात आणि त्यात लोखंडाचा एक ठोकळा देतात. ‘शेगड्यात धर. चारी बाजू काटकोनात कर.’

हे काम आठवडे खातं. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना फक्त यायचं असतं. शिष्य दोन्हीकडे सारखाच जोर लावतो, वर कानस झोकांड्या खाते, आणि ठोकळ्याला मधोमध पोट सुटतं. नाना गुण्या लावतात, ठोकळा ट्यूबलाइटसमोर धरतात आणि एक डोळा मिटतात. ‘उजेड दिसतोय रे मेल्या. यातून डबलडेकर जाईल.’ शिष्याला काहीच दिसत नाही. ज्या दिवशी त्याला उजेड दिसू लागतो, त्या दिवशी त्याची बढती लेथवर.

लेथवर पहिला धडा कापण्याचा नसतोच. चकची चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर चावी गोळीसारखी सुटते. म्हणून चावीवरून हात काढायचा तो चावीसकट, एवढाच तो धडा. हातमोजे घालून आलेल्या सुरक्षावादी शिष्याला नाना आधी मोजे उतरवायला लावतात, कारण फिरता जॉब मोज्याचा धागा पकडतो आणि धाग्यामागून बोट जातं. मग टूल सेंटरला आणायचं, त्यासाठी खाली मोडक्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे सरकवायचे. हे तुकडे नाना श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवतात. डबा नानींचा आहे, आणि तो 2004 पासून वादग्रस्त आहे.

शिष्याची पहिली फजिती ठरलेली. व्यास वीस थाऊ कमी करायचा म्हणून तो डायल वीस फिरवतो. टूल एका बाजूने वीस आत गेलं की व्यास चाळीसने उतरतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस दोन ते चार थाऊ जाड. म्हणजे पोराने पाच ते दहा केसांचा घोटाळा केलेला असतो. नाना ओरडत नाहीत. ते फक्त म्हणतात, ‘आता हा जॉब दुसऱ्या कुठल्या तरी मशीनला होईल.’ ते मशीन अजून जगात बनायचं असतं.

मायक्रोमीटरही पोरं शेगड्यासारखा आवळतात. रॅचेटचे तीन टकटक आवाज झाले की थांबायचं, हे कळायला महिना जातो. नानांचं ब्रीदवाक्य मात्र पहिल्याच तासाला कळतं: ‘दोन थाऊ राहू दे.’ शेवटचे दोन थाऊ पॉलिश पेपरने उतरवायचे. आणि मोजायचं ते जॉब थंड झाल्यावरच. पन्नास मिलिमीटरचा स्टीलचा जॉब कापताना चाळीस अंशांनी तापला, तर तो जवळजवळ एक थाऊ फुगतो. तो निवेपर्यंत काय करायचं? चहा. सबंध लालबागमध्ये पदार्थविज्ञानाच्या आधारावर प्यायला जाणारा चहा तेवढा हाच.

चहाबरोबर लक्ष्मणराव किर्लोस्कर येतात. तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणराव ड्रॉइंग शिकवत. बढतीत डावललं, त्यांनी नोकरी सोडली, आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. नाना हे अशा सुरात सांगतात की डावललं तेव्हा ते शेजारीच उभे होते. ‘मलाही हेड मिस्त्री केलं नाही,’ ते जोडतात. वाडी वसवायची तेवढी राहून गेली.

अचूकपणा धातूपुरताच आहे हेही सांगायला हवं. ‘पाच मिनिटांत वर येतो’ याला त्यांच्याकडे दीड तासाची टॉलरन्स आहे. गणपतीआधी मंडळाच्या देखाव्यात राक्षसाची मान हलवायला ते गाडीच्या वायपरची मोटर आणि स्वतः कापलेला कॅम बसवतात, मान दहा दिवस बिनचूक हलते. घरची खवणी मात्र सहा महिने डगमगतेय. नानींनी तक्रार केली की उत्तर तयार: ‘तिचं ड्रॉइंग चाललंय.’

एप्रिल-मे महिन्यांत शिष्याची खरी परीक्षा होते. लालबागच्या मसाला बाजारात डंक दिवसभर मिरची कुटतात, आणि कुणाच्या ना कुणाच्या शाफ्टचा बुश झिजतो. नवा बुश गनमेटलचा, दीड इंची शाफ्टवर दीड-दोन थाऊ ढिला. जास्त घट्ट झाला तर तापून धरतो, जास्त ढिला झाला तर खडखडतो. हवेत मिरची असते. मायक्रोमीटर लावायचा आणि शिंक यायची, रीडिंग गेलं. नाना नाकाला रुमाल बांधून मागे उभे, शिष्य श्वास रोखून आत बोअर मारतोय, बाहेर डंकवाला घाई करतोय. बुश बसला. हाताने फिरवला, अडला नाही, हललाही नाही. ‘बरा आहे,’ नाना म्हणाले. या विद्यापीठात याहून वरची पदवी नाही. ‘आता असाच दुसरा कर.’

डंकवाल्याने पैसे काढले. नानांनी हात जोडून ते नाकारले; छंदाचे पैसे घेत नाहीत म्हणाले. त्याऐवजी पाव किलो मालवणी मसाला मागितला, आणि तराजूचा काटा हलायचा थांबेपर्यंत पुडी उचलू दिली नाही.