शेवटचा एकच

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांतली आमची मराठी मंडळी वर्षातून एकदा तळ्याकाठच्या पार्कात सहलीला जमतात. कुणी सावलीतलं टेबल धरतं, कुणी मिसळीच्या पातेल्याजवळची मोक्याची जागा धरतं, कुणी नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेला इसम गाठून त्याला तारखा विचारतं. एक गृहस्थ मात्र या सगळ्याकडे पाठ करून पाण्याच्या कडेला उभा असतो. हातात पाव, पावातून रस्सा ठिबकतोय, आणि नजर पावसाचं पाणी तळ्यात सोडणाऱ्या सिमेंटच्या पायपावर.

"त्या पायपाच्या सावलीत एक बसलाय," घरफोडीचा बेत सांगावा तसा तो माझ्या कानात सांगतो. "चार पौंडांचा तरी असेल."

मला पायपाच्या सावलीत सावलीच दिसते.

हा आमचा गळकरी. वारकऱ्याला वारी, तसा याला शनिवार. फरक इतकाच, की वारकऱ्याला निदान कळसाचं दर्शन नक्की असतं. अमेरिकेतल्या बहुतेक मराठी वस्त्यांत असा एकतरी असतोच. आठवडाभर हा माणूस कुठल्यातरी बँकेच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधतो, आणि शनिवारी पहाटे साडेतीनला उठून मोठ्या तोंडाचा, हिरवट अंगाचा, कडेनं काळा पट्टा असलेला एक मासा शोधायला जातो. त्या माशाचं नाव इंग्रजीत 'बॅस', पण आमच्यात 'बास'च रूढ झालंय. यातून त्याच्या घरात एक कायमचा घोटाळा आहे. वहिनी वैतागून "आता बास!" म्हणतात, आणि याला वाटतं, चला, विषय निघाला.

त्याच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही. भिंतीला अकरा रॉड उभे आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे म्हणे. लाकडी फडताळात प्लॅस्टिकच्या डब्या, डब्यांत कप्पे, कप्प्यांत रबरी गांडुळं. वहिनींच्या दोन साड्यांतला मोरपंखी कुठला नि राणी कलर कुठला हे ज्याला लग्नाला वीस वर्षं होऊनही सांगता येत नाही, तोच माणूस 'ग्रीन पम्पकिन' आणि 'वॉटरमेलन रेड' ही दोन गांडुळं मिणमिणत्या दिव्यात बिनचूक ओळखतो. नियम सोपा आहे, असं तो सांगतो. नितळ पाण्यात हिरवट भोपळी रंग, गढूळ पाण्यात काळा-निळा. गढुळात माशाला रंग दिसत नाही, गडद आकार दिसतो.

"मग बाकीचे चाळीस रंग कशाला?" मी एकदा विचारलं.

"ते मासे पकडायला नसतात," वहिनी आतून म्हणाल्या, "गिऱ्हाईक पकडायला असतात."

पण त्याचे हात चालू झाले की टिंगल करणाऱ्यानं गप्प बसावं. टेक्सस रिग नावाची त्याची आवडती मांडणी आहे. आधी दोरीत बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शिसं ओवायचं, मग गळ बांधायचा. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावायची. कोरडी गाठ घासून तापते, दोरी तिथंच कमजोर होते आणि नेमका मोठा मासा लागला की तिथंच तुटते. मग रबरी गांडुळाच्या नाकात गळाचं टोक पाव इंच आत घालून खालून बाहेर काढायचं, परकराच्या नेफ्यातून नाडी ओढावी तसा गळ ओढून घ्यायचा, अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या पोटात लपवायचं. गांडूळ सरळ राहिलं पाहिजे, मुरड पडली तर पाण्यात ते भोवऱ्यासारखं फिरतं आणि दोरीला पीळ बसतो. टोक आत दडलेलं असल्यामुळे हे प्रकरण शेवाळातून, फांद्यांतून, बुडालेल्या ओंडक्यांवरून कुठंही न अडकता सरपटत जातं. आणि बास राहतो तिथंच, अडगळीत. हे सगळं तो मोजून वीस सेकंदांत करतो. घरातल्या गळक्या नळाचा वायसर मात्र दिवाळीपासून बदलायचा राहिलाय.

त्याच्या वडिलांचा पंचांगावर विश्वास होता. हा कॉलेजात असताना त्यावरून त्यांच्याशी भांडायचा. आता याच्या फोनमध्ये 'सोल्युनर' कोष्टक असतं. जॉन आल्डन नाइट नावाच्या अमेरिकन माणसानं १९२६ मध्ये मांडलेलं हे गणित चंद्राच्या स्थितीवरून मासे कधी खातील याच्या वेळा सांगतं. दिवसात दोन मोठे काळ, दोन छोटे.

"म्हणजे चौघडिया," मी म्हणालो.

"हे सायंटिफिक आहे," तो म्हणाला, आणि अमृत सुरू व्हायला बारा मिनिटं होती म्हणून गाडी जोरात हाणली.

माझ्या मते गळकऱ्याचं खरं ज्ञान मासा कसा मिळतो याचं नसतं. मासा का मिळाला नाही, हा त्याचा प्रांत. थंडीची लाट येऊन गेली आणि आभाळ निळंशार झालं, की मासे तोंड मिटून बसतात. लाट येण्याच्या आदल्या दिवशी ते हपापल्यासारखे खातात, पण तेव्हा ऑफिस असतं. वारा नसला तर पाणी आरशासारखं होतं आणि मासा बिचकतो. वारा हवाच, कारण तो ज्या काठावर आपटतो तिकडं बारीकसारीक जीव लोटले जातात, त्यांच्यामागं छोटे मासे, त्यांच्यामागं बास. पण फार वारा असला तर बोट ठरत नाही. एकदा तर ढगाळ हवा, बेताचा वारा, उबदार पाणी, चंद्रसुद्धा अनुकूल, असं सगळं जुळून आलं. रिकाम्या हातानं परतताना मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "इतका चांगला दिवस असला," तो म्हणाला, "की गर्दी फार होते."

आणि या सगळ्यावर त्याचं पालुपद एकच. निघायची वेळ होते, दोऱ्या गुंडाळल्या जातात, आणि हा रॉड उचलून म्हणतो, "शेवटचा एकच." त्याच्या एका 'शेवटच्या'ला मी घड्याळ लावलं होतं. पावणेदोन तास.

मलाही त्यानं एकदा शिकवलं. पाण्यावर पसरलेल्या पानांवरून रबरी बेडूक टुणुक टुणुक ओढायचा. "झडप पडली तरी हिसका मारायचा नाही," त्यानं बजावलं होतं. "एक, दोन मोजायचं. रॉडवर वजन कळलं की मगच." झडप पडली. पानांतून कुणी विटेचा तुकडा फेकावा तसा आवाज झाला. मी 'ए' म्हणायच्याही आत हिसका मारला. बेडूक माशाच्या तोंडातून सुटला आणि थेट माझ्या टोपीला येऊन डकला. त्या दिवसापासून माझी नेमणूक डबे उघडण्यावर झाली.

गेल्या मे महिन्यात त्याच्या आई आल्या. इंदापूर तालुक्यातल्या, भीमाकाठच्या. उजनीचं धरण झालं तेव्हा त्यांच्या सासरचं रान पाण्याखाली गेलं. लेकाच्या या छंदाविषयी त्यांच्या मनात एकच शंका होती, आणि ती त्यांनी पहिल्याच सकाळी चहाबरोबर काढली.

"धरतोस नि परत सोडतोस?"

"हो."

"मग धरतोस कशाला?"

गळकऱ्यानं माशांचं संवर्धन, खेळ आणि नीतिमत्ता यांवर दहा मिनिटं भाषण केलं. बासचा जागतिक विक्रमही सांगितला: जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्यानं १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात बावीस पौंड चार औंसांचा बास धरला, तो विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा तळ्यात एकानं बरोबरी केली, त्याचा मासा औंसभरानं जडही होता, पण नियमानं दोन औंस जास्त लागतात.

"त्या पेरीनं काय केलं त्या माशाचं?" आईंनी विचारलं.

गळकरी जरा घुटमळला. "घरी नेऊन खाल्ला."

"शहाण्या घरचा दिसतोय," आई म्हणाल्या.

शनिवारी आम्ही तिघं लेक फोर्कला गेलो. घरापासून दीड तास पूर्वेला, सत्तावीस हजार एकरांचं पाणी. आईंसाठी गळकऱ्यानं एका दिवसाचा परवाना काढला होता. मासा धरायला कागद लागतो याचं त्यांना इतकं नवल वाटलं, की तो त्यांनी घडी करून कमरेच्या पिशवीत घातला, रेशनकार्डासारखा.

बोट आत गेली तशा पाण्यातून वाळलेल्या झाडांच्या रांगा वर आल्या. करडी, साल गेलेली, उभ्याउभ्या मेलेली झाडं. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"हे रान बुडवलंय," त्या म्हणाल्या.

"हो. १९८० साली धरण झालं. झाडं मुद्दाम ठेवली. माशांना आडोसा म्हणून."

"आपलंही त्याच साली." मग एकदम व्यवहारावर येऊन त्यांनी विचारलं, "इथं शेततळं असेल ना कुणाचं? बांध कुठाय?"

गळकऱ्याच्या हातातला रॉड तसाच राहिला. बुडालेल्या शेततळ्याचा बांध ही या तलावातली त्याची सगळ्यात गुप्त जागा. ती शोधायला त्याला तीन वर्षं आणि सोनार यंत्राचे हप्ते लागले होते. पडद्यावर पिवळी रेघ सपाट जाता जाता हळूच वर चढते, तिथं तो बांध. आईंनी पडद्याकडे पाहिलंही नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"मासा बांधाला लागतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरून पळसदेवचं देऊळ उघडं पडायचं तेव्हा आमचाही बांध दिसायचा. मरळ तिथंच सापडायची." त्यांनी पाण्यावर नजर फिरवली. "हा तुझा मासा मरळीच्याच चालीचा दिसतोय. गवतात दडायचं नि बेडकावर उडी घालायची."

"आणि नर घरट्याची राखण करतो," गळकरी उत्साहानं म्हणाला. "पिल्लं मोठी होईपर्यंत."

"मरळही राखते. वर लाल पिल्लांचा पुंजका, खाली आईबाप. तेव्हा धरू नये."

पुढचा पाऊण तास गळकऱ्यानं बांधाच्या दोन्ही अंगांनी टेक्सस रिग सरपटवली. भोपळी गांडूळ झालं, काळं-निळं झालं, शेवटी मधोमध टोचलेलं, दोन्ही टोकं लोंबणारं 'वॅकी' गांडूळही झालं. दोरी सैल पडू द्यायची, ती उगीच आडवी सरकली तरी मासा आहे समजायचं, हे तो आम्हाला समजावून सांगत होता. दोरी कुठंही सरकली नाही.

आईंनी डब्यातली पोळी काढली. पाण्याचं बोट लावून तिचा तुकडा मळला, हरभऱ्याएवढी गोळी केली आणि नातवाचा छोटा रॉड मागून घेतला. "आई, बास पोळी खात नाही," गळकरी म्हणाला. ते खरंच होतं. गोळीला बास लागला नाही. तळहाताएवढा ब्लूगिल लागला. आई तो ओढत असताना खालून काहीतरी हिरवं आलं, ब्लूगिलसकट रॉडचं टोक पाण्यात गेलं आणि आई बसल्या जागी उभ्या राहिल्या.

"जाळी!" गळकरी ओरडला. इतकी वर्षं आवाज न करण्याची शिकवण मला देणारा तो, इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या बोटीतले दोघं टोप्या सावरत वळले. बासनं ब्लूगिल आडवा धरला होता. गळ त्याला लागलाच नव्हता, पण तोंडचा घास सोडायची त्याची तयारी नव्हती, आणि त्या हट्टापायी तो अलगद जाळीत आला.

गळकऱ्यानं आधी हात ओले केले, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. मग खालचा ओठ अंगठ्यात धरला, पोटाखाली दुसरा हात दिला, तोंड मिटून, शेपटी चिमटून पट्टीवर ठेवला. सतरा इंच.

"सोडावा लागेल," तो म्हणाला. "इथला नियम आहे. सोळा इंचांच्या आतला ठेवता येतो. चोविसाच्या वरचा एक ठेवता येतो. मधले सगळे सोडायचे."

आईंनी नियमावर विचार केला. मसाला लावलेल्या तुकड्यांचा तवा त्यांच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसला.

"म्हणजे पोरं नि म्हातारी खायची, कमावत्याला हात लावायचा नाही. बरोबर आहे. घर चालवायचं तर असंच करावं लागतं." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो पाण्यात सोडला. क्षणभर तो तिथंच राहिला, कल्ले हलवत, आणि मग बांधाच्या दिशेनं गेला.

गळकरी बराच वेळ स्वतःचा अंगठा बघत बसला. बासचे दात पॉलिश पेपरासारखे असतात. अंगठ्याची साल निघाली की गळकरी ती महिनाभर दाखवतो. आज दाखवायला काही उरलं नव्हतं. "टेक्ससचा विक्रमी बास याच तलावातला," तो अखेर मला म्हणाला. "१९९२ चा. अठरा पौंडांच्या वर. आणि ज्याला मिळाला तो बासच्या मागं नव्हताच. क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी त्यानं चिमुकला जिवंत मासा लावला होता." ही गोष्ट त्याला पहिल्यापासून माहीत असणार. आम्हाला आजच सांगितली.

ऊन कललं. मला भूक लागली होती. पोळ्या तर सगळ्या कामी आल्या होत्या. गळकऱ्यानं अकरापैकी शेवटचा रॉड बांधला, इंजिनाच्या किल्लीला हात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदाच वहिनींचं ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

"आई, आता बास ना?"

"थांब रे," आई पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "शेवटचा एकच."

डब्याच्या झाकणावर पोळीच्या सात गोळ्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.